तळ्याचा काठ : सोलापूरच्या बोलीतील जलतट आणि उद्यान ह्यांविषयीचे शब्द

नगररचनेच्या इंग्रजी ग्रंथांत 'वॉटरफ्रंट' हा शब्द वारंवार येतो. शहराची जी कड पाण्याला लागून असते आणि जिच्यावर लोक फिरावयास, बसावयास, नौका चालवावयास किंवा नुसते पाहावयास जातात, ती कड म्हणजे वॉटरफ्रंट. ह्या शब्दाला मराठीत प्रतिशब्द सुचवा, असे कोणी म्हटले तर आपण 'जलतट', 'जलाग्र', 'तटप्रदेश' अशी संस्कृत घडणीची नाणी पाडू लागतो. परंतु त्यांतील एकही नाणे बाजारात चालत नाही. नगरपालिकेच्या कागदपत्रांत 'तलाव परिसर' असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. तो सोयीचा आहे, पण त्यातून काठ नेमका नाहीसा झाला आहे. परिसर म्हणजे भोवतालची जागा. पाणी आणि जमीन जिथे एकमेकांना भेटतात ती रेघ त्यात येत नाही.

मराठी ही काही पाण्याला पारखी भाषा नव्हे. कोकणात समुद्र आहे, देशावर नद्या आहेत आणि सोलापूरसारख्या अवर्षणाच्या प्रदेशातसुद्धा तळी आहेत. तेव्हा हा शब्द नसण्याचे कारण शब्ददारिद्र्य हे असू शकत नाही. आपल्या भाषेने पाण्याच्या कडेचा विचार निराळ्या अंगाने केला आणि त्या विचाराप्रमाणे शब्द ठेवले, एवढाच ह्याचा अर्थ. ते शब्द कोणते, आणि त्यांच्या शेजारी 'बाग', 'उद्यान', 'पार्क', 'चौपाटी' हे शब्द येऊन बसले तेव्हा काय घडले, हे सोलापूर शहरापुरते पाहावयाचा येथे विचार आहे.

सोलापूर ही अशा अभ्यासाची आयतीच जागा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू ह्या चार भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात. लिंगायत समाजात कन्नड, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांत तेलुगू, आणि बाजारात चारही. शहराच्या नावाचाच इतिहास पाहिला तरी ही सरमिसळ दिसते. सोळा गावांचे म्हणून सोलापूर, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी शिलालेख तिला दुजोरा देत नाहीत. कल्याणीच्या कलचुरींच्या काळात हे गाव 'सोन्नलगे' म्हणून ओळखले जात होते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखात 'सोनलिपूर' असे रूप येते. किल्ल्यातील एका लेखात 'सोनलपूर' आढळते. मधला 'न' झिजून आजचे नाव सिद्ध झाले असावे, हे मत ग्राह्य वाटते.

शहराची पाण्याशी गाठ तीन ठिकाणी पडते. पहिले व सर्वांत जुने ते सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, जे बसवेश्वरांचे समकालीन आणि 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ह्या मुद्रेने कन्नड वचने रचणारे, त्यांना हे तळे करविण्याचे श्रेय परंपरा देते. मंदिर पाण्याने वेढलेले आहे. शेजारचा भुईकोट किल्ला बहमनी काळातील असून त्याच्या तीन बाजूंना खंदक होता आणि पूर्वेकडे तळेच खंदकाचे काम करी. दुसरे, विजापूर रस्त्यावरील कंबर तलाव, ज्याचे अधिकृत नाव आता धर्मवीर संभाजी तलाव असे आहे आणि जिथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. तिसरे, तुळजापूर रस्त्याकडील हिप्परगे किंवा एकरुख येथील मोठा जलाशय. आदिला नदीवर मातीचे धरण घालून तो १८७१ च्या सुमारास पुरा झाला. ह्या तिन्ही जलाशयांत एक गोष्ट समान आहे, आणि पुढील सर्व विवेचनाचा ती पाया आहे. ह्यांपैकी एकही निसर्गाने दिलेला नाही. तिन्ही माणसांनी केलेले आहेत.

आता शब्दांकडे वळू. प्रथम एका लहानशा शब्दयोगी अव्ययाकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण मोठ्या नामांपेक्षा तेच अधिक सांगून जाते.

मराठी माणूस बागेत जातो, देवळात जातो, शाळेत जातो. परंतु नदी'वर' जातो. विहिरीवर, पाणवठ्यावर, घाटावर, तळ्यावर, समुद्रावर, आणि आता नळावर. 'नदीत गेला' ह्याचा अर्थ अगदी वेगळा, आणि क्वचित भयावहही. ह्या 'वर'ला स्थलवाचक म्हणून सोडून देणे पुरेसे नाही, कारण पाण्याच्या 'वर' कोणी चालत नाही. ह्याच 'वर'चे दुसरे प्रयोग पाहिले म्हणजे उलगडा होतो. 'शेतात साप निघाला' असे आपण म्हणतो, पण 'बाबा शेतावर गेलेत' असेही म्हणतो. 'कामावर जाणे', 'बांधकामावर असणे', 'पहाऱ्यावर असणे' हे प्रयोग सर्वांच्या ओळखीचे आहेत. जिथे काही करावयाचे असते अशा जागेला मराठी 'वर' लावते. 'शेतात' ही जागा झाली, 'शेतावर' हे कार्यस्थळ. तळ्यावर जाणे हे ह्या दृष्टीने कामावर जाण्याच्या पंक्तीतले आहे. धुणे, भांडी, गुरांना पाणी, आंघोळ, तर्पण, विसर्जन ही सारी कामेच, काही घरची आणि काही देवाची. बागेच्या बाबतीतही हा भेद टिकतो. सोलापूर जिल्ह्यात द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागा पुष्कळ आहेत. फिरावयास गेलेला माणूस 'बागेत' असतो, पण राखणीला ठेवलेला गडी 'बागेवर' असतो.

समुद्रावर किंवा तळ्यावर 'हवा खायला' जाण्याचा प्रयोग ह्याच 'वर'वर बेतलेला आहे, आणि तो अलीकडचा आहे असे मानण्यास जागा आहे. हवा खाणे हेही एक काम म्हणूनच व्याकरणाने आपलेसे केले, असे गमतीने म्हणता येईल.

पाण्याशी कामाचे नाते जोडणारा हा विचार नामांतही दिसतो, आणि तो एकट्या मराठीत नाही. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात आणि तेलुगूत 'चेरुवु'. हे दोन शब्द वरवर निराळे दिसले तरी सख्खे आहेत. पुढे तालव्य स्वर आला असता मूळच्या 'क'चा तेलुगूत 'च' होतो, हा द्राविड भाषांच्या तुलनेतला परिचित नियम आहे; कानाला कन्नडमध्ये 'किवि' आणि तेलुगूत 'चेवि' म्हणतात, तेही ह्याच नियमाने. तमिळमध्ये ह्याच धातूपासून आलेल्या 'सिऱै' ह्या शब्दाचे अर्थ अडवणे, कोंडणे, बंधारा, एवढेच नव्हे तर तुरुंगही असे आहेत. म्हणजे तळे ह्या वस्तूची द्राविड कल्पना मुळात 'अडवलेले पाणी' अशी आहे. पाणी आहे म्हणून तळे नव्हे. अडवले म्हणून तळे.

ह्याच कुळातील कल्पना 'कट्टे' ह्या कन्नड शब्दात आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे. त्यापासून 'कट्टे' म्हणजे बांध, आणि झाडाभोवतीचा पार किंवा बसावयाचा ओटाही. आपल्या मराठी 'कट्ट्या'चे ह्याच्याशी असलेले नाते उघड आहे. आज कट्टा म्हटले की गप्पा आठवतात. सिद्धेश्वर यात्रेत जिथे अक्षता सोहळा होतो तो 'संमती कट्टा' प्रसिद्धच आहे. शब्दाचा प्रवास असा की पाणी अडवण्यासाठी घातलेला बांध हाच फावल्या वेळी टेकावयाचा ओटा झाला. श्रमाची आणि विसाव्याची जागा एकच होती आणि म्हणून शब्दही एकच राहिला. तळ्याकाठच्या विरंगुळ्यासाठी आपल्याकडे शब्द नाही ही तक्रार करण्यापूर्वी ह्या 'कट्ट्या'कडे पाहावे. मराठीनेही पाण्याबाबत हेच क्रियापद पसंत केले आहे: तळे 'बांधले' जाते, बांध 'घातला' जातो, आणि 'धरण' तर 'धरणे' ह्या क्रियेचेच नाम आहे. अडवणे, बांधणे, धरणे, हा सारा शब्दसंग्रह मुठीचा आहे.

'घाट' हा शब्द आर्य भाषांकडून आला, तरी त्याची वृत्ती हीच. डोंगर उतरावयाची वाट तो घाट आणि पाण्यात उतरावयाच्या पायऱ्या तोही घाट. दोन्हींत उतरणे समान आहे. वस्तूचे रूप महत्त्वाचे नाही, तिच्यावरून माणसाने करावयाची हालचाल महत्त्वाची आहे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी गणपती घाट आणि विष्णू घाट ही नावे आहेत. ह्या नावांतूनही कोणत्या कामासाठी कोण कुठे उतरतो ह्याची खूण राहते. पाण्याच्या कडेला एकच एक नाव नसून ती कामाकामाने वाटलेली आहे.

आता 'काठ'. हा शब्द संस्कृत 'कंठ' ह्यापासून आला असे मानतात; गावाच्या वेशीजवळच्या जागेला संस्कृतात 'उपकंठ' म्हणतच असत. मात्र सोलापुरात हा शब्द उच्चारताना दुसरीच वस्तू आधी डोळ्यांपुढे येते, ती म्हणजे लुगड्याचा काठ. विणकरांच्या गावात काठ हा मागावरचा शब्द आहे. फारसीतून आलेल्या शब्दाची गतही हीच झाली आणि मराठीने त्याचे दोन भाग करून टाकले: पाण्याला 'किनारा' आणि वस्त्राला 'किनार'. तेलुगू व कन्नड भाषकांकडे साडीच्या काठाला 'अंचु' आहे; पण पाण्यासाठी ते बहुधा दुसरे शब्द वापरतात, कन्नडमध्ये 'दड', तेलुगूत 'ओड्डु' किंवा बांधाच्या अर्थी 'गट्टु'. म्हणजे एकच विणकर घरी तेलुगू बोलताना वस्त्राच्या आणि पाण्याच्या कडेसाठी दोन शब्द वापरतो आणि बाजारात मराठी बोलताना एका शब्दावर भागवतो. द्वैभाषिकांच्या मनात अशा वेळी अर्थांची सरमिसळ होते काय, हा प्रश्न स्वतंत्र संशोधनाला पुरेसा आहे.

विणकर मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काठ शोभेसाठी असतो हे खरे, पण तो आधी वस्त्र उसवू नये म्हणून असतो. कडेचे धागे सैल पडले की पोत टिकत नाही. तळ्याच्या काठालाही हे लागू आहे, आणि त्यात अलंकार काही नाही: दगडी पिचिंग ढळले, बांधावरची झाडे मुळांनी तो पोखरू लागली किंवा येणाऱ्या ओढ्याची वाट बुजली, की तळे कमी होऊ लागते.

येथे पंढरपूरच्या एका शब्दाची आठवण करून देणे आवश्यक आहे. तो ह्याच जिल्ह्यातला आहे. आजच्या प्रमाण मराठीत 'वाळवंट' म्हणजे राजस्थानातली किंवा अरबस्तानातली निर्जल भूमी. पण 'चंद्रभागेचे वाळवंट' म्हणताना कोणाही वारकऱ्याच्या मनात निर्जलता येत नाही. तेथे वाळवंट म्हणजे नदीच्या पात्रालगतची वाळू, जिच्यावर कीर्तन होते, फुगड्या होतात, दिंड्या विसावतात. मराठी समाजाने पाण्याच्या कडेला एकत्र येऊन आनंद करण्यासाठी जी सर्वांत मोठी मोकळी जागा राखली, तिचे नाव हेच. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांना 'डेझर्ट'साठी शब्द हवा होता म्हणून त्यांनी हा उचलला, आणि भरल्या नदीकाठचा शब्द पाण्यावाचूनच्या प्रदेशाला जाऊन चिकटला. अर्थान्तराचे ह्याहून विलक्षण उदाहरण शोधावे लागेल. जुना अर्थ आज मुख्यतः नदीकाठच्या तीर्थक्षेत्रांच्या आश्रयाने टिकून आहे.

ह्यानंतर बागेचे शब्द. 'बाग' फारसीतून आली. हिंदी-उर्दूत ती पुल्लिंगी आहे. मराठीत येताना तिने लिंग बदलले. लिंगापेक्षा महत्त्वाचे असे की ती मराठीत शेतीच्या दारातून शिरली. 'बागाईत' आणि 'जिराईत' ही जोडी महसुलाची आहे: ज्या जमिनीला पाणी आहे ती बागाईत, जिला नाही ती जिराईत. कन्नड व तेलुगूतील 'तोट' हा शब्दही मळा व बाग ह्या दोन्ही अर्थांनी चालतो. कोरडवाहू मुलखात बाग म्हणजे प्रथम पाणी, मग पीक, आणि शोभा सर्वांत शेवटी. मुलांचा 'तळ्यात-मळ्यात' हा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे. त्यात जगाचे दोनच भाग आहेत, एक तळे आणि दुसरा मळा, आणि मधल्या रेषेवर उभे राहण्याची मुभा नाही.

'उद्यान' मात्र वरून आले. संस्कृत काव्य-नाटकांतले हे राजवाड्याशेजारचे स्थळ. सामान्य माणसाच्या बोलण्यात ते नव्हते. सार्वजनिक बागा झाल्यावर आणि १९६० नंतर राज्यकारभाराची भाषा मराठी करण्याचे कार्य सुरू झाल्यावर फलकांवर 'उद्यान' स्थिरावले. आजही लोक फलकावर उद्यान वाचतात आणि तोंडाने बाग म्हणतात. किल्ल्याच्या परिसरातील बागेला 'हुतात्मा बाग' म्हणतात, उद्यान नव्हे, आणि ते बरे वाटते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा ह्या चौघांना फाशी देण्यात आले. त्या चार नावांतच शहराच्या समाजजीवनाचा पट दिसतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि होम मैदानावर गर्दी लोटते, त्याच आठवड्यात हा स्मृतिदिनही येतो. 'गड्डा' ह्या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की तेलुगूतील 'गड्ड', म्हणजे ढेकूळ, उंचवटा, भूमी, हा शब्द कानाशी येऊन उभा राहतो. पण ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, आणि आपल्याकडे ह्या भेदाचे विस्मरण फार लवकर होते.

'पार्क' ह्या शब्दाची सोलापुरातील कथा अधिक मनोरंजक आहे. इतरत्र पार्क हे सामान्यनाम आहे. सोलापुरात ते विशेषनाम झाले. पार्क चौक, पार्क मैदान. आणि त्या मैदानाला पुढे इंदिरा गांधी स्टेडियम असे नाव मिळाले तरी बोलण्यात 'पार्क' हेच. ह्याचा पुरावा पुन्हा व्याकरणच देते. इंग्रजीतून आलेल्या नव्या सामान्यनामाला मराठी सहसा 'मध्ये' जोडते: गार्डनमध्ये, मॉलमध्ये. गावाच्या नावाला ती 'ला' जोडते: पुण्याला, पंढरपूरला. सोलापूरकर 'पार्कला जाऊ' असे म्हणतो. झाडे, हिरवळ, मोकळी हवा ह्या मूळ अर्थछटा गळून गेल्या आणि शहरातला एक बिंदू तेवढा उरला.

त्याच पार्काजवळ 'पार्क चौपाटी' झाली. गिरगाव चौपाटीच्या नावाची उपपत्ती चार 'पाटां'वरून, म्हणजे समुद्राला मिळणाऱ्या चार प्रवाहांवरून, दिली जाते. म्हणजे शब्दाच्या गाभ्यात पाणी आहे, आणि तेही खारे. मुंबईच्या वाळूवर भेळेच्या गाड्या लागल्या. लोक चौपाटीवर जाऊन भेळ खाऊ लागले. पुढे भेळ हाच चौपाटीचा अर्थ झाला. मग हा शब्द रेल्वेने देशावर आला तो समुद्र मागे ठेवून. सोलापुरात समुद्र नाही, आणि पार्क चौपाटीला तळ्याचीही अट नाही; संध्याकाळी पावभाजी आणि पाणीपुरी मिळाली की झाले. कोल्हापूरकरांनी निदान 'रंकाळा चौपाटी' म्हणताना पाणी सोडले नाही. अर्थसंकोच म्हणावा की अर्थविस्तार, ह्याबद्दल वर्गात वाद होऊ शकेल. पाणी गेले म्हणून संकोच, गावोगाव लागू झाला म्हणून विस्तार. माझ्या मते हा अर्थ सरकलेला आहे, आणि सरकताना त्याने एक पोकळी भरली आहे: घराबाहेर, फुकट, संध्याकाळी, कुटुंबासह बसण्याच्या जागेला शब्द हवा होता. तो मिळाला, मात्र त्याने बसावयास सांगितले ते पाण्याकडे पाठ करून.

येथे थोडे दूर, एका परक्या तळ्याकाठी जाऊन येणे उपयोगी ठरेल, कारण आपल्या नगररचनाकारांचा आदर्श बहुधा तिकडचाच असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सिम्को आणि कूचिचिंग ह्या दोन सरोवरांच्या मध्ये ओरिलिया नावाचे लहान शहर आहे. काठावर उद्याने आहेत, पोहण्याची जागा आहे, आणि एके काळच्या रेल्वेमार्गावरून आता लोक पायी व सायकलने फिरतात. शहराचे नाव स्पॅनिश 'ओरिया' ह्या शब्दावरून पडले असे सामान्यतः मानतात, आणि त्याचा अर्थ आहे काठ. परंतु त्याच सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जागी तेथील मूळ रहिवाशांनी पाण्यात खांब रोवून मासे अडवण्याचे कूड केले होते. त्यांचे वय सुमारे ५,००० वर्षे सांगतात. त्या जागेचे ओजिब्वे भाषेतील नाव 'म्निजिकनिंग', म्हणजे माशांच्या कुडाची जागा. 'टोरंटो' हे नावही पाण्यात उभी केलेली झाडे ह्या अर्थाच्या मोहॉक शब्दापासून आले आणि मुळात ते ह्याच कुडांना उद्देशून होते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे तेथेही जुना शब्द अडवण्याचा आणि कामाचा. नवा शब्द नुसत्या काठाचा.

दोन्हीकडे शब्दांचा क्रम सारखा, पण तळी सारखी नाहीत. ओरिलियाची सरोवरे हिमयुगाने घडवलेली आहेत. त्यांच्या काठावर कोणी काही केले नाही तरी उद्या सकाळी पाणी तेथेच असेल. म्हणून तेथील योजनेत पाणी गृहीत धरून फक्त काठाचा विचार केला तर चालते. सोलापूरचे पाणी अडवलेले आहे. ओढ्याची वाट, गाळ, बांध ह्यांची राखण थांबली की ते राहत नाही. तेव्हा तिकडच्या वॉटरफ्रंटचा नमुना इकडे आणताना त्यातले न लिहिलेले गृहीतकही आपण आणतो. स्मार्ट सिटी योजनेत २०१६ साली निवडलेल्या पहिल्या २० शहरांत सोलापूर होते. सिद्धेश्वर तलाव आणि होम मैदान ह्यांची कामे त्या काळात हाती घेण्यात आली, आणि ह्या कामांना सर्वत्र लावला जाणारा शब्द होता 'सुशोभीकरण'. मी ह्या शब्दाला नुसते व्याकरणदृष्ट्या पाहतो. त्याचे कर्म 'परिसर' आहे. पाणी त्या वाक्यात येतच नाही. 'गाळ काढणे' ह्या प्रयोगाला पाण्यावाचून अर्थ राहत नाही. एक क्रियापद काठावर थांबते, दुसरे तळापर्यंत जाते.

पाणी जाऊनही नाव राहू शकते, आणि त्यामुळे पाणी गेल्याचे लक्षात येत नाही, हा ह्या विषयातला अत्यंत चमत्कारिक भाग आहे. पुण्यातील 'तळ्यातला गणपती' आज बागेत आहे. पर्वतीच्या पायथ्याचे तळे आटवून तेथे सारसबाग झाली. मुंबईत 'धोबी तलाव' म्हणून लोक रोज उतरतात. तेथे तलाव नाही आणि धोबीही नाहीत. सोलापूरवर ही पाळी आलेली नाही. पण कंबर तलावाकडे पाहावे. कन्नड कानाला 'कंबार' म्हणजे लोहार. नावाचा उगम त्यातच असेल असे प्रतिपादन मी करीत नाही. एवढेच की ज्याला कन्नड येते त्याला त्या तळ्याच्या नावात एक कामकरी माणूस ऐकू येतो आणि ज्याला येत नाही त्याला मराठी 'कंबर' ऐकू येते. एके काळी कमळांसाठी ओळखले जाणारे हे तळे पुढे जलपर्णीच्या बातम्यांसाठी ओळखले जाऊ लागले. कमळ हा शब्द चारही भाषांत आपापल्या रूपात जुना आहे; 'जलपर्णी' हे वृत्तपत्रांनी रूढ केलेले नवे नाव आहे, आणि त्या वनस्पतीसाठी खेड्यातल्या बोलीत अजून धड नावही नव्हते तेव्हा ती येऊन पाण्यावर पसरली.

ह्या विषयावर आपल्या विभागात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. शब्दसंग्रह करताना वस्तूंची नावे विचारीत बसू नये, क्रियापदे विचारावीत. 'ह्याला काय म्हणता?' असे विचारले की वृद्ध माणूससुद्धा आपल्याला आवडेल असा फलकावरचा शब्द सांगतो. 'येथे काय करीत असत?' असे विचारले म्हणजे पाणी 'धरणे', 'फोडणे', 'वळवणे', गाळ 'उपसणे', गणपती 'बोळवणे' असे प्रयोग बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर नामे आपोआप येतात. परीट, कोळी, कुंभार आणि वडार ह्यांच्या घरांत आधी जावे. कुंभारांचा ह्या तळ्याशी विशेष संबंध आहे, कारण सिद्धेश्वराच्या यात्रेतला विवाह हा कुंभारकन्येचाच. तेलुगू व कन्नड घरांतून तोच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारावा, आणि उत्तरात मराठी शब्द आला तर तो खोडू नये. दखनीत 'तालाब' असे उत्तर येईल. त्यातल्या 'आब'मुळे बोलणाऱ्याला तो फारसी वाटतो, वस्तुतः तो 'तडाग' ह्याच्याच कुळातला आहे, पण हे मुलाखतीत सांगावयाचे नसते.

आणि 'वर'ची नोंद अवश्य ठेवावी. तरुण पिढी 'तळ्यावर', 'तलावाला', 'तलावाजवळ' आणि 'लेकला' ह्यांपैकी कोणते रूप केव्हा वापरते, हे गावाच्या निरनिराळ्या भागांत ऐकून लिहून काढणे कठीण नाही. गृहसंकुलांच्या जाहिरातींत 'लेक व्ह्यू' हा शब्द आलेला आहेच, आणि त्यात तळ्यावर जाण्याचे कारणच उरत नाही. ते खिडकीतून दिसते. हा बदल नातवंडांच्या बोलण्यात शिरला आहे की नाही हे ठरवण्यास आणखी एक कसोटी आहे. त्यांना वाक्य पुरे करावयास सांगावे: 'आजी रोज सकाळी तळ्या–'.